पाचशे एकाहत्तर घोडे आणि हैदराबादचा रस्ता

घरातील सुबत्तेबरोबर घरातील बोलण्याची भाषाही बदलत असते. सुलतान बाजार, काचीगुडा, बडी चावडी या भागांतील ज्या मराठी घरांत एके काळी सायकल घ्यावयाची की नाही यावर चार दिवस खल होत असे, त्याच घरांची नातवंडे आज माधापूर-गच्चीबावलीच्या कचेऱ्यांतून नोकऱ्या करतात आणि जेवणाच्या पानावर बसल्या बसल्या अश्वशक्ती, टॉर्क, 'शून्य ते शंभर' अशा शब्दांत मोटारींची तुलना करतात. कोटी-कोटी रुपयांच्या आलिशान मोटारी विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची असते हे खरे. परंतु लग्नासाठी, सहलीसाठी वा मित्राकडून एका रात्रीपुरती अशी गाडी हाती येणे आता दुर्मीळ राहिलेले नाही. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी बहुधा गप्प बसतात. आकडे तरुणांच्या मुठीत असतात आणि वडिलांजवळ उरते ती केवळ काळजी. आकड्यांपुढे काळजीचा टिकाव लागत नाही.

वस्तुतः या आकड्यांत शाळेतील पदार्थविज्ञानापलीकडचे काहीही नाही. ते नीट वाचता आले, तर वडीलधाऱ्यांनाही त्याच भाषेत दोन शब्द सुनावता येतील. त्यासाठीच हा प्रपंच.

नमुन्यादाखल एक मोटार

उदाहरण घ्यावयाचे तर थोरामोठ्यांचेच घ्यावे. रोल्स रॉइस कंपनीने २०१८ मध्ये 'कलिनन' नावाची अजस्र मोटार बाजारात आणली. सध्या ज्या उंच, धिप्पाड, कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या गाड्यांना सर्रास 'एसयूव्ही' म्हणतात, त्या जातीची ही गाडी. दक्षिण आफ्रिकेत १९०५ साली सापडलेल्या ३,१०६ कॅरटच्या हिऱ्याचे नाव तिला दिले आहे. गोवळकोंड्याच्या गावात राहणाऱ्यांना हिऱ्याच्या नावाचे अप्रूप ते काय! तरीही हीच गाडी निवडण्यास एक कारण आहे. तिची पणजी आपल्या हैदराबादेतच, चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे. तिची गाठ पुढे पडेलच.

कलिननच्या माहितीपत्रकातील मुख्य आकडे असे: पेट्रोलवर चालणारे बारा सिलिंडरचे इंजिन, आकारमान ६,७४९ घन सेंटिमीटर; शक्ती ५७१ अश्वशक्ती; टॉर्क ८५० न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला अवघ्या १,६०० फेऱ्यांवर; शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ५.२ सेकंदांत, कमाल वेग ताशी २५० किलोमीटर, आणि तोही यंत्रणेने मुद्दाम रोखून धरलेला, रिकाम्या गाडीचे वजन २,६६० किलो, लांबी सुमारे ५.३४ मीटर. वाचूनच छाती दडपावी असे हे आकडे आहेत. आता त्यांतील एकेकाची उकल करू.

शक्ती आणि जोर

पंचाहत्तर किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर उचलण्यास जी शक्ती लागते ती एक अश्वशक्ती. म्हणजे या गाडीच्या पुढच्या झाकणाखाली तसे ५७१ घोडे बांधलेले आहेत. टॉर्क म्हणजे इंजिनाच्या दांड्याला पीळ देऊन फिरवण्याचा जोर. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ८७ किलो वजन टांगले, तर जेवढा पीळ बसेल तेवढा हा ८५० न्यूटन-मीटरचा टॉर्क. तो १,६०० फेऱ्यांवरच मिळतो, याचा अर्थ असा की, इंजिन अजून गुणगुणत असतानाच त्यातून सुमारे १९० अश्वशक्ती बाहेर पडू शकते. इंजिनाने आरडाओरडा न करता गाडी पुढे सरकते, त्या शांततेचे रहस्य हे आहे. आणि श्रीमंत ग्राहक बव्हंशी या शांततेचीच किंमत मोजत असतो.

येथे हैदराबादचा एक विशेष सांगितला पाहिजे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर वसले आहे. येथील हवा मुंबईच्या मानाने पाच-सहा टक्क्यांनी विरळ आहे. साध्या इंजिनाची शक्ती त्या प्रमाणात घटते. कलिननसारख्या इंजिनात टर्बोचार्जर, म्हणजे हवा दाबून आत कोंबणारा पंखा असल्यामुळे ही तूट बरीचशी भरून निघते. मात्र वैशाखातील उन्हाने तापलेली हवा आणि पेट्रोलची प्रत यांच्यापुढे मोठ्या इंजिनालाही नमते घ्यावे लागते. आपल्याकडील साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक पूर्वी ९१ असे, तर अशा इंजिनांना किमान ९५ चे पेट्रोल हवे असते. हलके पेट्रोल घातल्यास यंत्रणा इंजिनाला जपण्यासाठी आपण होऊन शक्ती कमी करते. तेव्हा पत्रकावरील आकडा हा अनुकूल परिस्थितीतील आकडा आहे, एवढे प्रथम लक्षात ठेवावे.

घोडे किती लागतात?

आता खरा प्रश्न. ५७१ घोड्यांपैकी रस्त्यावर प्रत्यक्षात किती जुंपले जातात? गाडीला दोन विरोधांवर मात करावी लागते. एक चाकांचे घर्षण आणि दुसरा समोरून येणारी हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला पुरून उरण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. कलिननएवढ्या रुंद-उंच गाडीसाठी ढोबळ हिशेब मांडला, तर सपाट रस्त्यावर ताशी ६० च्या स्थिर वेगास दहा-बारा अश्वशक्ती पुरते, ताशी १०० ला सुमारे तीस, ताशी १२० ला पंचेचाळीसच्या आसपास, आणि ताशी २०० ला मात्र एकदम पावणेदोनशेच्या घरात.

हैदराबादचा नेहरू बाह्य वर्तुळाकार मार्ग, ज्याला सगळे 'ओआरआर' म्हणतात, तो १५८ किलोमीटर लांबीचा आठपदरी रस्ता आहे. या शहराच्या परिसरात याहून वेगाने जाण्याची कायदेशीर मुभा कोठेही नाही. आणि २०२३ पासून तेथील जलद मार्गिकांची वेगमर्यादाही ताशी १२० आहे. म्हणजे कायदा पाळणाऱ्या गृहस्थाच्या गाडीत स्थिर वेगाने जाताना ५७१ पैकी सव्वापाचशे घोडे तबेल्यातच उभे राहतात. चढावर, पुढच्या ट्रकला मागे टाकताना, किंवा बाजूच्या रस्त्यावरून महामार्गावर शिरताना त्यांतील काही क्षणभर उपयोगी पडतात, हे नाकारता येत नाही. सोलापूरच्या वाटेवर तुळजापूरला जाताना ट्रक झटकन ओलांडता आला, तर धोक्याचा काळ तेवढा कमी होतो. परंतु एवढ्यासाठी दीडशे-दोनशे घोडेही पुष्कळ झाले. बाकीचे केवळ मालकाच्या समाधानासाठी दाणावैरण खातात.

पणजीची गोष्ट

याच संदर्भात चौमहल्ला राजवाड्यातील त्या पिवळ्याधमक मोटारीकडे पाहावे. रोल्स रॉइसची ही 'सिल्व्हर घोस्ट' १९१२ च्या सुमाराची. मागे निजामांसाठी सिंहासनासारखे आसन असल्यामुळे तिला 'तख्ताची मोटार' म्हणूनच ओळखतात. समारंभाच्या वेळी संथ गतीने मिरवणे हेच तिचे काम होते. उभ्या आयुष्यात ती काही शे मैलांपलीकडे धावली नाही, असे तिच्याविषयी सांगतात.

पण त्या जातीच्या गाडीचे आकडे काय होते? कारखान्याने तिला दिलेले अधिकृत नावच 'चाळीस-पन्नास अश्वशक्ती' असे होते. निजामांच्या गाडीच्या काळातील इंजिन ७,४२८ घन सेंटिमीटरचे, म्हणजे आजच्या कलिननपेक्षाही आकाराने मोठे. आणि गंमत पाहा: ओआरआरवर कलिननला ताशी १२० ने जाण्यास जेवढी शक्ती लागते, ती या चाळीस-पन्नासातच सामावते!

१९११ साली इंग्लंडात नेपियर आणि रोल्स रॉइस या दोन कंपन्यांत चुरस लागली होती. लंडन ते एडिंबरो हा प्रवास जाऊन-येऊन, सुमारे आठशे मैल, केवळ सर्वांत वरच्या गिअरमध्ये करावयाचा, पेट्रोल मोजावयाचे, आणि मग तीच गाडी ब्रुकलंड्सच्या शर्यतीच्या चक्रमार्गावर किती वेगाने पळते तेही पाहावयाचे, अशी ती परीक्षा होती. नेपियरच्या गाडीने गॅलनला १९.३५ मैल आणि ताशी ७६.४२ मैल असे आकडे दिले. सिल्व्हर घोस्टने त्यावर मात करून गॅलनला २४.३२ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ८.६ किलोमीटर आणि ताशी ७८.२६ मैल, म्हणजे सुमारे १२६ किलोमीटर असे आकडे नोंदवले. एका शतकानंतरची कलिनन प्रयोगशाळेतही लिटरला साडेसहा-पावणेसात किलोमीटरच्या पुढे जात नाही. ती कितीतरी जड आहे आणि कितीतरी सुखसोयी वाहून नेते, हे खरे. तरीही आकडा आकडा आहे.

त्या परीक्षेतील मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. इंग्लंडच्या रस्त्यांवर तेव्हा ताशी २० मैलांची मर्यादा होती. म्हणून ताशी ७८ मैल पळू शकणारी ही गाडी लंडन-एडिंबरो प्रवासात सरासरी वीस मैलांच्या आतच राहिली. वेग दाखवावयाचा तो बंदिस्त चक्रमार्गावर, आणि सार्वजनिक रस्त्यावर दाखवावयाचा तो संयम, काटकसर आणि न बिघडता चालण्याचा गुण. 'उत्तम मोटार' म्हणजे काय याची ही व्याख्या कारखानदारांनीच घालून दिली होती. आज कारखाने तेच आहेत. व्याख्येचा उत्तरार्ध मात्र जाहिरातींतून गळाला आहे.

जो आकडा छापला जात नाही

'पाच सेकंदांत शंभर' हे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत असते. परंतु शंभरापासून शून्यावर येण्यास किती अंतर लागते, हे क्वचितच छापले जाते. सांसारिक माणसाला पहिल्यापेक्षा दुसऱ्या आकड्याची गरज अधिक.

समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. तेवढ्यात ताशी ६० च्या वेगाने गाडी १७ मीटर जाते, १०० ने २८ मीटर आणि १२० ने ३३ मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, उत्तम टायर असताना, ब्रेकचे अंतर अनुक्रमे सुमारे १८, ४९ आणि ७१ मीटर. बेरीज केली तर ताशी ६० ला ३५ मीटर, १०० ला ७७ मीटर आणि १२० ला १०४ मीटर. पावसाने रस्ता निसरडा होऊन टायरची पकड निम्मी झाली, तर १२० च्या वेगाला पावणेदोनशे मीटर अंतर लागते. रात्री दिव्यांच्या प्रकाशात पावणेदोनशे मीटरवरची म्हैस दिसते का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

गाडी महाग म्हणून हे अंतर फारसे कमी होत नाही. थांबण्याचे अंतर मुख्यतः रस्ता आणि टायर यांच्या पकडीवर ठरते, किमतीवर नव्हे. उलट वजनाचा भार ब्रेकवर येतो. माणसे आणि सामान धरून तीन टन झालेली गाडी ताशी १२० वरून थांबवताना ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होते, तिने पाच लिटर पाणी उकळेल; ताशी २०० वरून थांबवल्यास चौदा लिटर, म्हणजे बादलीभर! वेग दुपटीपेक्षा कमी वाढला, आणि उष्णता जवळजवळ तिप्पट झाली. कारण गतिजन्य ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते.

हेच दुसऱ्या रीतीने सांगावयाचे तर, ताशी ६० च्या वेगाने आदळणे म्हणजे १४ मीटरवरून, चार-पाच मजले उंचीवरून पडणे होय. ताशी १०० म्हणजे तेरावा मजला, १२० म्हणजे एकोणिसावा, आणि २०० म्हणजे बावन्नावा. मागच्या आसनावर पट्टा न लावता मांडीवर नातू घेऊन बसलेल्या आजीबाईंना हा हिशेब अवश्य सांगावा. आलिशान गाडीत धक्के जाणवत नाहीत, आवाज येत नाही, म्हणून वेगही जाणवत नाही. आणि न जाणवणारा वेग हाच अधिक घातक. त्यातून ही गाडी उंच. तिचा गुरुत्वमध्य वर असल्यामुळे झटक्यात वळवल्यास कलंडण्याची भीती ठेंगण्या मोटारीपेक्षा जास्त. तिच्या समोर येणाऱ्या लहान गाडीचे काय होईल, हा प्रश्न तर माहितीपत्रकात कधीच नसतो.

या शहराने याची किंमत मोजलेली आहे. १० मे २०१७ च्या पहाटे जुबिली हिल्सच्या ३६ क्रमांकाच्या रस्त्यावर पेट्रोलवर चालणारी, याच वर्गातील एक अतिशक्तिमान आलिशान गाडी मेट्रोच्या खांबावर आदळली आणि आतील दोन्ही तरुण दगावले. दोष कोणाचा याची चर्चा येथे करावयाची नाही. त्या दोन घरांच्या दुःखापुढे ती शोभतही नाही. एवढेच म्हणावयाचे की, शेकडो अश्वशक्ती, भक्कम सांगाडा आणि नामांकित कारखाना या तिन्ही गोष्टी मिळूनसुद्धा खांबाला हटवू शकत नाहीत.

वाचतो तरी किती वेळ?

वेगाचे समर्थन वेळेच्या नावाने केले जाते; त्याचाही हिशेब करू. २००८ साली ओआरआरचा गच्चीबावली ते शमशाबाद हा सुमारे २२ किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला. विमानतळाला जाणारी बहुतेक मंडळी तो वापरतात. हे अंतर ताशी १०० ने सव्वातेरा मिनिटांत, १२० ने अकरा मिनिटांत आणि कायदा धाब्यावर बसवून २०० ने गेल्यास साडेसहा मिनिटांत कापले जाईल. साडेचार मिनिटांच्या बचतीसाठी एकोणिसाव्या मजल्यावरून बावन्नाव्यावर चढावयाचे! तेवढी मिनिटे विमानतळावर सामानाच्या रांगेतच जातात.

घरातल्या मंडळींसाठी

मग आकडे पाहूच नयेत काय? पाहावेत, पण कोठून आले ते विचारून पाहावेत. कमाल वेग आणि पिकअप कोरड्या, सपाट चाचणीमार्गावर, कसलेल्या चालकाकडून मोजलेले असतात. इंदूरजवळ पीथमपूर येथे २०२१ मध्ये खुला झालेला ११.३ किलोमीटरचा चाचणीमार्ग अशाच कामासाठी आहे. ज्यांना वेगाची खुमखुमी आहे त्यांनी असे बंदिस्त मार्ग कशासाठी असतात हे ध्यानात घ्यावे. आपल्याकडे 'ॲव्हरेज' म्हणून जो आकडा सांगतात, तो पुण्याच्या एआरएआय या संस्थेसारख्या ठिकाणी फिरत्या रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. त्या ठरीव चाचणीत वेग ताशी ९० च्या वर जात नाही. अमीरपेटच्या गर्दीत, वातानुकूलन चालू ठेवून तो आकडा मिळेल अशी आशा करू नये. शिवाय २०२५ पासून देशातील पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असल्याने ॲव्हरेज थोडे आणखी उतरते. आपल्या गाडीला कोणते पेट्रोल चालते, हे टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस पाहून घ्यावे.

मुलगा किंवा भाचा अशी गाडी घेऊन दारात आला, तर कौतुक जरूर करावे. यंत्र खरोखरच कौतुकास्पद आहे. त्यानंतर मात्र पाच प्रश्न विचारावेत. टायर कोणत्या वर्षीचे? टायरच्या बाजूवर आठवडा आणि वर्ष दाखवणारे चार अंक असतात. त्यावरील वेगाचे अक्षर कोणते? 'एच' म्हणजे ताशी २१०, 'डब्ल्यू' म्हणजे २७० किलोमीटरपर्यंतची सहनशक्ती. आणि उन्हाळ्यात हवेचा दाब थंड टायरमध्ये तपासला होता का? मागच्या आसनावरील सर्व पट्टे लागतात का? आणि ताशी शंभरावरून थांबावयास किती मीटर लागतात? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्याला तोंडपाठ आहे, त्याच्या शेजारी निश्चिंतपणे बसावे. ज्याला केवळ 'शून्य ते शंभर' ठाऊक आहे, त्याच्याकडून किल्ली काढून घेण्यास संकोच करू नये, मग गाडी त्याची असो वा त्याच्या मित्राची.

घोडा फेकायला शिकण्याआधी लगाम खेचायला शिकवीत, ही जुन्या स्वारांची रीत होती. घोडे पाचशे एकाहत्तर झाले, म्हणून ती रीत बदलण्याचे काही कारण दिसत नाही.